एडिंबरो : राहण्याचे नगर, पाहण्याचे नगर

परगावी उतरलेल्या मनुष्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : पाठ कोठे टेकावी, घसा कोठे ओला करावा आणि डोळ्यांचे पारणे कोठे फेडावे. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे आज या तिन्हींची उत्तरे रेल्वे स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच मिळतात. उत्तरेस प्रिन्सेस स्ट्रीटवर हॉटेले, दक्षिणेस टेकडीच्या धारेवर पसरलेल्या जुन्या गावातील मद्यगृहे, आणि दोहोंमधल्या दरीतून मान वर केली की काळ्या कातळावरचा किल्ला, ही मांडणी इतकी सोयीस्कर आहे की ती निसर्गानेच पाहुण्यांसाठी योजली असावी असा समज व्हावा. वस्तुतः ती जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. तत्पूर्वी या नगरात निद्रा, पान आणि दर्शन हे तिन्ही व्यवहार एकाच अंधाऱ्या बोळात, कित्येकदा एकाच जिन्यावर, उरकत असत. ते एकमेकांपासून कसे विलग झाले आणि त्या विलगीकरणाची किंमत कोणी मोजली, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

एडिंबरोचे जुने गाव एका उतरत्या डोंगरधारेवर वसलेले आहे. पश्चिम टोकास किल्ल्याचा ज्वालामुखीजन्य कातळ, पूर्वेच्या पायथ्याशी हॉलिरूडचा राजवाडा आणि त्या दोहोंना जोडणारा सुमारे मैलभर लांबीचा राजरस्ता. या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, माशाच्या कण्याला फुटलेल्या काट्यांप्रमाणे, अरुंद बोळ उताराला लागलेले. या बोळांना तेथे ‘क्लोज’ म्हणतात. 1513 मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर राजा चौथा जेम्स आपल्या अनेक सरदारांसह इंग्रजांच्या हातून मारला गेला, तेव्हा भयग्रस्त नागरिकांनी गावाभोवती नवा तट घालण्यास आरंभ केला. उत्तरेस नॉर लॉक नावाचे तळे होतेच. तटाबाहेर राहणे धोक्याचे आणि तटाच्या आत जागेची वानवा, अशा कोंडीत सापडलेले गाव आडवे न वाढता उभे वाढले. उताराच्या बाजूने पाहिल्यास दहा-दहा मजले भरतील अशा दगडी इमारती तेथे उठल्या, आणि त्यांतील एकाच सामाईक जिन्यावर तळाशी दुकानदार, मधल्या मजल्यांवर न्यायाधीश आणि उमराव, तर छपराखाली कारागीर व मजूर असा संसार शेजारीपणाने नांदू लागला. पाणी सार्वजनिक हौदांवरून पाठीवर वाहून वर न्यावे लागे, आणि घरातील मैला रात्री दहाचा नगारा वाजल्यावर खिडकीतून खाली रस्त्यावर भिरकावला जाई. खालून जाणाऱ्याला सावध करण्यासाठी वरून एक आरोळी देण्याचा शिरस्ता होता. ती वेळेवर ऐकू येईलच याची हमी मात्र कोणी देत नसे.

1707 मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली आणि बडे उमराव सत्तेच्या मागे लंडनला गेले. एडिंबरोत मागे उरली ती न्यायालये, धर्मपीठ आणि विद्यापीठ. गावाचे पुढारपण साहजिकच वकिलांकडे आणि न्यायाधीशांकडे आले, आणि या विद्वान, वादपटू, परंतु घरी दोन-चार खोल्यांपलीकडे जागा नसलेल्या वर्गाने आपली बैठक मद्यशाळेत मांडली. ज्या खोलीत रात्री पलंग आणि दिवसा पाहुणा अशी पाळी चालते, तेथे पक्षकाराला कोठे बसवावे? तेव्हा वकील आणि अशील यांची भेट मद्यशाळेत, दस्तऐवजाचा मसुदा मद्यशाळेत, वैद्याचा सल्ला मद्यशाळेत आणि विद्वानांची सभाही मद्यशाळेत भरू लागली. सकाळी साडेअकराच्या सुमारास सेंट जाइल्सच्या मंदिरावरील घंटांचा नाद सुरू झाला की कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून माणसे उठत आणि मध्यान्हीचा पेला घेऊन परत कामाला लागत; मद्याच्या एका लहान मापावरून लोकांनी त्या घंटांचे नावच ‘गिल बेल्स’ असे ठेवले होते.

या मद्यशाळांत काय मिळे, याचे उत्तर आजच्या प्रवाशाला अनपेक्षित वाटेल. व्हिस्की हे त्या काळी डोंगराळ मुलखाचे आणि गोरगरिबांचे पेय. एडिंबरोच्या प्रतिष्ठितांचे पेय म्हणजे फ्रान्समधील बोर्दो प्रांताचे तांबडे द्राक्षमद्य, ज्याला तेथे क्लॅरेट म्हणतात. इंग्लंडशी असलेल्या सामाईक वैरातून 1295 मध्ये फ्रान्स आणि स्कॉटलंड यांची मैत्री झाली होती, आणि त्या मैत्रीचा व्यापारी लाभ लीथ बंदरातील तळघरांत शतकानुशतके साठत राहिला. पुढे इंग्लंडने फ्रेंच मालावर जबर जकात बसवून पोर्तुगालच्या मद्याला सवलत दिली, तरी स्कॉटिश जिभेने आपली वहिवाट सहजासहजी सोडली नाही; उघड मार्ग महाग झाला तेव्हा चोरट्या आयातीचा मार्ग मोकळा होताच. क्लॅरेटच्या खालोखाल बिअर. हॉलिरूडच्या परिसरात जमिनीखालून उत्तम झरे वाहतात, आणि तेथील मठातील संन्याशांनी मध्ययुगातच त्या पाण्यावर बिअर गाळण्यास प्रारंभ केला होता. खाण्यास कालवे. फोर्थच्या खाडीतून टोपल्या भरभरून येणारी ही कालवे त्या काळी इतकी स्वस्त होती की गरीब-श्रीमंत सारखीच त्यांवर तुटून पडत. जमिनीखालच्या कोंदट तळघरांत मेणबत्त्यांच्या उजेडात कालवांचे ढीग आणि काळ्या बिअरचे प्याले यांच्यासभोवार उमराव घराण्यांतील स्त्रियाही निःसंकोच बसत आणि भोजनोत्तर मेजे बाजूला सारून नृत्य करीत, हे पाहून इंग्रज प्रवासी चकित होत असत.

मद्यशाळांतून मंडळे स्थापन झाली. केप क्लब नावाच्या मंडळात चित्रकार, नट, दुकानदार आणि कारकून एकत्र येत आणि प्रत्येकास एक विनोदी सरदारकी बहाल होई. तरुण कवी रॉबर्ट फर्ग्युसन हा त्यांपैकीच एक. तो 1774 मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी वेड्यांच्या आश्रमात मरण पावला. अँकर क्लोजमधील एका मद्यशाळेत मुद्रक विल्यम स्मेली याचे क्रोकॅलन फेन्सिबल्स नावाचे मंडळ भरे, आणि आपल्या कवितांची एडिंबरो आवृत्ती छापून घेण्यासाठी आलेल्या रॉबर्ट बर्न्स यास स्मेलीनेच तेथे नेले. आयरशायरमधून 1786 च्या अखेरीस आलेला हा शेतकरी कवी दिवसा उमरावांच्या दिवाणखान्यांत मिरवे आणि रात्री लॉनमार्केटमधील बॅक्स्टर्स क्लोजमध्ये एका कारकून मित्राच्या भाड्याच्या खोलीत पाठ टेकी. फर्ग्युसनच्या अचिन्हित थडग्यावर 1787 मध्ये स्वखर्चाने शिळा बसवण्याची व्यवस्था त्यानेच केली. कॅननगेटच्या मंदिरप्रांगणात ती आजही पाहावयास मिळते.

पिण्याची आणि बोलण्याची अशी रेलचेल असलेल्या या गावात झोपण्याची सोय मात्र दरिद्री होती. बेंजामिन फ्रँकलिन 1771 च्या ऑक्टोबरात वादळातून आणि पुरातून वाट काढीत रात्री उशिरा पोहोचला, आणि एका सराईत त्याचे अतोनात हाल झाले. अखेर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने त्याला आपल्या घरी नेले. ज्या ह्यूमला अवघे धर्मपीठ नास्तिक म्हणून नावे ठेवीत होते, त्यानेच अतिथीला आश्रय देण्याची धर्माज्ञा पाळावी, यातील गंमत फ्रँकलिनच्या नजरेतून सुटली नाही. दोनच वर्षांनी, 14 ऑगस्ट 1773 रोजी, डॉ. सॅम्युएल जॉन्सन कॅननगेटच्या तोंडाशी असलेल्या बॉइडच्या सराईत उतरला. त्याने लिंबाचे सरबत अधिक गोड करण्यास सांगितले, तेव्हा तेथील चाकराने आपल्या तुपकट बोटांनी साखरेचा खडा उचलून पेल्यात टाकला. संतप्त जॉन्सनने सरबत खिडकीबाहेर फेकून दिले. त्याचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल यास निरोप मिळताच तो धावत आला आणि त्यास जेम्स कोर्टमधील आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेला. वाटेत रात्रीच्या त्या प्रसिद्ध दुर्गंधीने दोघांचे स्वागत केले हेही बॉस्वेलने प्रामाणिकपणे नमूद करून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या एडवर्ड टॉपहॅम या इंग्रज गृहस्थाने तर एडिंबरोच्या सरायांची निर्भर्त्सना आपल्या छापील पत्रांत चवीने केली.

या तक्रारींवरून स्कॉटिश लोक अनातिथ्यशील होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. फ्रँकलिन आणि जॉन्सन या दोघांचीही सराईतील वस्ती किती अल्पकाळ टिकली हे पाहिले म्हणजे खरे कारण ध्यानात येते. एडिंबरोस येणारा भला माणूस कोणाचे तरी परिचयपत्र घेऊन येई आणि यजमानाच्या घरी उतरे. ज्याला यजमान नसे तो आठवड्याच्या भाड्याने खोली घेई. आणि सराई ही मुख्यतः घोड्यांसाठी, गाडीवानांसाठी आणि पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांसाठी असे. ओळख हेच जेथे चलन आहे, तेथे केवळ पैसा घेऊन आलेल्या परक्याची सोय कोणी कशासाठी करावी? लंडनला जाणारी गाडी 1763 च्या सुमारास महिन्यातून एकदा सुटे आणि पोहोचावयास बारा ते सोळा दिवस घेई, असे पुस्तकविक्रेता विल्यम क्रीच याने लिहून ठेवले आहे. आणि त्या काळी हॉटेल ही वस्तूच गावात नव्हती असेही तोच सांगतो. वीस वर्षांनी, 1783 मध्ये, लंडनचा प्रवास चार दिवसांवर आला आणि हॉटेले उघडली गेली. सरायांविषयीच्या तक्रारी त्यामुळे बंद झाल्या असे नव्हे. पण केवळ पैशाच्या बळावर येणारा परका आता गावाच्या हिशेबात धरला जाऊ लागला.

मधल्या काळात परक्याचा वाटाड्या म्हणजे ‘कॅडी’. हे कॅडी फाटक्या वस्त्रांचे, रात्री बहुधा जिन्यावर झोपणारे निरोपे. परंतु गावात कोण कोठे राहतो, कोण नव्याने उतरला आहे आणि कोणाचा कोणाशी कलह आहे, हे त्यांच्याइतके कोतवालीसही ठाऊक नसे. त्यांची स्वतंत्र संघटना होती, तिचा मुखिया असे, आणि एखाद्याने सोपवलेली वस्तू गहाळ केली तर ती भरून देण्याची जबाबदारी संघटनेवर येई. पाहुणा आला की एक कॅडी त्यास चिकटे आणि मुक्काम हलेपर्यंत त्याचा मार्गदर्शक, हरकाम्या आणि रक्षक बने. त्याने दाखवलेल्या गावात प्रेक्षणीय स्थळे थोडी आणि माणसे पुष्कळ असत. कारण त्या काळचे एडिंबरो हे पाहण्याचे नगर नव्हते, भेटण्याचे नगर होते.

हे स्वरूप पालटले ते गावकऱ्यांच्याच एका निर्णयाने. 1759 मध्ये नॉर लॉकमधील पाणी काढण्यास आरंभ झाला. 1763 मध्ये दरीवरील नॉर्थ ब्रिजची कोनशिला बसली. पुलाचा एक भाग 1769 मध्ये कोसळून पाच माणसे दगावली, तरी 1772 पर्यंत काम पूर्ण झाले. तत्पूर्वी 1766 मध्ये नगरपालिकेने उत्तरेच्या मोकळ्या माळावर नवे नगर वसवण्यासाठी आराखडे मागवले होते, आणि जेम्स क्रेग नावाच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा पसंत पडला होता : तीन समांतर प्रशस्त रस्ते, दोन टोकांस दोन चौक, सर्व काटकोनात आणि सर्व इंग्लंड-स्कॉटलंडच्या ऐक्याची द्वाही फिरवणाऱ्या राजघराण्याच्या नावांनी मंडित. नव्या नगराच्या पायांसाठी खणलेली माती दरीत टाकता टाकता ‘द माउंड’ नावाचा दुसरा मार्ग आपोआप तयार झाला. ज्यांच्यापाशी साधन होते ते न्यायाधीश, वकील, वैद्य, उमराव एकामागून एक पूल ओलांडून गेले; त्यांच्या मागे हॉटेलेही गेली. नव्या घरात भोजनगृह होते, दिवाणखाना होता, म्हणून मद्यशाळेत बैठक भरवण्याचे प्रयोजन उरले नाही. जुन्या गावात मागे राहिले ते ज्यांना जाता येत नव्हते, आणि त्यांत पुढे डोंगराळ मुलखातून आणि आयर्लंडमधून उपासमारीने हुसकलेल्यांची भर पडली. ज्या जिन्यावर पूर्वी न्यायाधीश आणि शिंपी एकमेकांस वाट देत, तेथे आता एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबले गेले. 1861 च्या नोव्हेंबरात हाय स्ट्रीटवरील अशी एक जुनाट इमारत रात्री कोसळून 35 माणसे चिरडली गेली. तेव्हा कोठे नगरपालिकेने आरोग्याधिकारी नेमला आणि डॉ. हेन्री लिटलजॉन यांच्या 1865 च्या अहवालाने जुन्या गावाची दैना दप्तरी नोंदवली.

याच दुरवस्थेच्या काळात जुने गाव ‘सुंदर’ ठरू लागले, ही या इतिहासातील सर्वांत विलक्षण घटना होय. जोवर लोक त्या बोळांत राहत होते तोवर ते बोळ त्यांना केवळ बोळ वाटत. दरी ओलांडून नव्या घराच्या खिडकीतून मागे वळून पाहताच त्याच उंच-सखल, धुराने काळवंडलेल्या छपरांचे चित्र झाले. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने काल्टन टेकडीवर उभे राहून सभोवारचे संपूर्ण दृश्य एका वर्तुळाकार पटावर उतरवण्याची युक्ती काढली, 1787 मध्ये तिचा परवाना मिळवला आणि पुढील वर्षी एडिंबरोचे दृश्य एडिंबरोतच शुल्क घेऊन दाखवले. पॅनोरामाचा जन्म तो हा. मारिया शॉर्ट नावाच्या बाईने पुढे 1835 मध्ये त्याच टेकडीवर भिंगांची वेधशाळा थाटली, आणि ती नंतर किल्ल्याच्या वाटेवर हलवली. तेथील अंधाऱ्या खोलीत मध्यभागी ठेवलेल्या पांढऱ्या मेजावर चालत्या-बोलत्या रस्त्याचे प्रतिबिंब पाहण्यासाठी लोक पैसे मोजत. ज्या रस्त्यावरून ते नुकतेच चालत आलेले असत, तोच रस्ता!

या दृश्याला कथा पुरवली ती सर वॉल्टर स्कॉटने. तो मूळचा जुन्या गावातील एका बोळात जन्मलेला, नव्या नगरात स्थायिक झालेला आणि व्यवसायाने न्यायालयातील अधिकारी. म्हणजे पूल ओलांडून गेलेल्या पिढीचा मूर्तिमंत प्रतिनिधी. 1814 मध्ये ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली आणि स्कॉटलंड पाहण्यास येणाऱ्यांची रीघ लागली. 1707 नंतर किल्ल्यातील एका पेटीत बंद करून ठेवलेला स्कॉटिश मुकुट, राजदंड आणि तलवार ही लंडनला नेली गेल्याचा प्रवाद होता. स्कॉटने राजाज्ञा मिळवली आणि 4 फेब्रुवारी 1818 रोजी त्याच्या समक्ष पेटी उघडली तेव्हा ती राजचिन्हे कापडात गुंडाळलेली जशीच्या तशी सापडली. याच फेब्रुवारीत सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडून मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईच्या समाप्तीचा जाहीरनामा काढला. त्या एल्फिन्स्टनचे बालपण, त्याचा पिता किल्ल्याचा गव्हर्नर असल्यामुळे, याच एडिंबरोच्या किल्ल्यात गेले होते. एक राज्य बुडवून शतक लोटल्यावर त्याची चिन्हे निर्धोकपणे प्रदर्शनात मांडता येतात, आणि नुकतेच बुडवलेले राज्य मात्र जाहीरनाम्याने बांधावे लागते, हा साम्राज्याचा व्यवहार या एका महिन्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसेल.

1822 च्या ऑगस्टात राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. पावणेदोनशे वर्षांत कोणताही राज्यकर्ता तेथे फिरकला नव्हता. सोहळ्याची सर्व योजना स्कॉटकडे होती, आणि त्याने शहरी वकिलांना व व्यापाऱ्यांनाही डोंगराळ टोळ्यांची चौकड्यांची वस्त्रे नेसवून उभे केले. ज्या वेषावर 1745 च्या बंडानंतर कायद्याने बंदी होती तो राष्ट्राचा पोषाख झाला. राजाने ग्लेनलिव्हेटची व्हिस्की मागितली. ती त्या वेळी चोरट्या भट्टीचीच असे. पुढील वर्षीच्या अबकारी कायद्याने परवान्याची फी माफक केली, आणि डोंगरातील भट्ट्या हळूहळू सरकारी नोंदीत आल्या. हॉलिरूडच्या राजवाड्यात मेरी राणीचा चिटणीस डेव्हिड रिझिओ याचा 1566 मध्ये खून झाला, त्याच्या रक्ताचा डाग म्हणून जमिनीवरील एक काळसर ठिकाण दाखवण्याचा व्यवसाय तेथील रखवालदारणी करीतच होत्या. स्कॉटने त्यावरही एक विनोदी प्रसंग रचला असून त्यात लंडनचा एक फिरता विक्रेता आपल्या डाग काढण्याच्या औषधाचा प्रयोग त्या ऐतिहासिक डागावर करू पाहतो. स्वतः उभारलेल्या बाजाराची थट्टा करण्याइतका तो मोठा होता. 1832 मध्ये तो वारला, आणि जॉर्ज मीकल केम्प या सुताराने आखलेले सुमारे 200 फूट उंचीचे त्याचे स्मारक 1846 मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवर उभे राहिले. केम्प मात्र ते पूर्ण होण्यापूर्वीच कालव्यात बुडून मेला होता.

1846 हेच वर्ष आगगाडीचेही. दरीच्या तळाशी, जेथे पूर्वी तळे होते, तेथे रूळ आले आणि पुढे त्या स्टेशनाला कादंबरीचेच नाव मिळाले. त्याच उन्हाळ्यात लेस्टरचा थॉमस कुक सुमारे 350 प्रवाशांचा जथा घेऊन प्रथमच स्कॉटलंडला आला. कुक हा मद्यपाननिषेधाचा कडवा प्रचारक. त्याच्या सहलींचा उगमच मद्यनिषेधाच्या सभांना माणसे नेण्यातून झालेला. अशा प्रवाशांना मद्यशाळेच्या माडीवर उतरवणे शक्य नव्हते, म्हणून दारूविरहित हॉटेल हा नवा प्रकार भरभराटीस आला; रॉबर्ट क्रॅन्स्टन याने 1848 मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवर काढलेले वेव्हर्ली हॉटेल याच पंथाचे. मुक्काम आणि मद्य यांचा काडीमोड येथे तत्त्वतः झाला. परंतु कायद्याने तो विचित्र रीतीने फिरवला. 1853 च्या फोर्ब्स मॅकेंझी कायद्याने स्कॉटलंडमधील मद्यगृहे रात्री अकरानंतर आणि रविवारी संपूर्ण दिवस बंद केली. अपवाद ठेवला तो हॉटेलात आलेल्या खऱ्याखुऱ्या प्रवाशाचा. परिणामी रविवारी तहान लागलेले नागरिक शेजारच्या गावी जात, हॉटेलच्या वहीत आपण प्रवासी असल्याची सही ठोकत आणि पेला भरून घेत. त्या गावचे लोक त्याच हेतूने इकडे येत. ही सहीची वही 1962 पर्यंत चालली, आणि सामान्य मद्यगृहांना रविवार खुला झाला तो 1976 च्या कायद्याने. शंभराहून अधिक वर्षे एका राष्ट्राने स्वतःच्याच मुलखात पाहुण्याचे सोंग घेतले, ते या कलमामुळे.

मद्यनिषेधाच्या त्याच शतकात एडिंबरो हे मद्यनिर्मितीचे केंद्रही झाले, यात विरोध दिसला तरी कार्यकारणभाव उघड आहे. येथील अँड्र्यू अशर याने 1853 मध्ये निरनिराळ्या पिंपांतील व्हिस्कींचे मिश्रण विकण्यास आरंभ केला. 1860 च्या कायद्याने जवाची आणि इतर धान्यांची व्हिस्की एकत्र करण्यास मुभा मिळाली, आणि डोंगरातील उग्र पेयाला सर्व जगात खपेल अशी एकसारखी चव आली. यंगर आणि मॅक्इवन यांच्या बिअरची पिंपे लीथहून समुद्रमार्गे वसाहतींत जात, आणि त्यांत हिंदुस्थानातील छावण्यांसाठी पाठवली जाणारी फिकट बिअरही असे. या नफ्यातून विल्यम मॅक्इवन याने विद्यापीठास पदवीदानाचे सभागृह बांधून दिले, ते 1897 मध्ये उघडले. अशर घराण्यातील धाकट्या अँड्र्यूने 1896 मध्ये 1 लाख पौंड दिले, त्यातून अशर हॉल हे संगीतगृह 1914 मध्ये सुरू झाले. मद्यगृहेही आता तळघरांतून वर आली. 1863 मध्ये बांधलेल्या इमारतीतील कॅफे रॉयलच्या भिंतींवर वॅट, स्टीफन्सन, फॅरडे आदी संशोधकांची डोल्टन कारखान्याच्या चिनी मातीच्या फरश्यांवरील चित्रे आहेत. कालवेही तेथे मिळतात, परंतु ज्या खाडीतील कालवांवर जुने गाव पोसले ती शेते अतिउपशाने एकोणिसाव्या शतकाअखेर ओस पडली. दोन प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दोन टोकांस 1902 आणि 1903 मध्ये दोन प्रचंड हॉटेले बांधली. पूर्वेकडील हॉटेलच्या मनोऱ्यावरील घड्याळ प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून तीन मिनिटे पुढे ठेवण्याचा प्रघात अद्याप आहे. ओळखीने मिळणारा आश्रय आणि यंत्रवत मिळणारी सोय यांमधील अंतर सव्वाशे वर्षांत असे पूर्ण कापले गेले.

या प्रवाहाच्या उलट जाणारा एकच मोठा माणूस झाला, आणि त्याचा आपल्याकडील विद्येशी साक्षात संबंध आहे. पॅट्रिक गेडिस याने 1886 मध्ये विवाहानंतर नव्या नगरातील सुखवस्तू घर सोडून जेम्स कोर्टमध्ये, म्हणजे बॉस्वेलने जॉन्सनला ज्या आवारात नेले तेथेच, त्या काळच्या गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले. पती-पत्नींनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, पडझड झालेल्या इमारती पाडण्याऐवजी दुरुस्त केल्या आणि 1887 मध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. 1892 मध्ये त्याने मारिया शॉर्टची वेधशाळा घेतली आणि तिचा ‘आउटलुक टॉवर’ केला. तेथे प्रेक्षकाने प्रथम माथ्यावरून नगर पाहावे, मग एकेक मजला उतरत नगर, देश, खंड आणि जग यांचा अभ्यास करीत पुन्हा रस्त्यावर यावे, अशी त्याची योजना. पाहणे हा त्याच्या लेखी करमणुकीचा प्रकार नसून नागरिकत्वाची पहिली पायरी होती. हाच गेडिस पुढे हिंदुस्थानात आला, 1918 मध्ये होळकरांच्या इंदूरसाठी त्याने विस्तृत नगररचनेचा अहवाल लिहिला, आणि 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचा प्राध्यापक झाला. गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी अध्ययनास पाठवण्यात त्याचाच पुढाकार होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या सरकारी हव्यासाला त्याने येथे जो विरोध केला, त्याचे प्रत्यक्ष शिक्षण त्याला जेम्स कोर्टच्या जिन्यावर मिळाले होते.

1947 मध्ये, युद्धाच्या दाहातून युरोप बाहेर पडत असता, एडिंबरोत आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. आमंत्रण नसताना आलेल्या आठ नाट्यमंडळ्यांतून ‘फ्रिंज’ हा त्याहूनही मोठा उत्सव जन्मला. 1995 मध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही नगरे जागतिक वारशाच्या यादीत गेली. आता पाहुण्याला हॉटेलही पुरेसे वाटत नाही; त्याला जुन्या बोळातील खरेखुरे घर हवे असते, आणि मालकांना नागरिकापेक्षा चार रात्रींचा पाहुणा अधिक किफायतशीर पडतो. म्हणून 2022 मध्ये नगरपालिकेने संपूर्ण शहर अल्पमुदतीच्या भाड्याचे नियंत्रणक्षेत्र ठरवले, आणि 2025 च्या जानेवारीत मुक्कामाच्या खर्चावर 5 टक्के पाहुणेपट्टी बसवण्याचा ठराव केला.

राहणारा आणि पाहणारा यांच्यातील हा वाद नवा नाही. अठराव्या शतकात धनिक रहिवासी आपण होऊन बोळ सोडून गेले आणि मागे राहिलेल्यांच्या हालअपेष्टांवर दृश्याचे सौंदर्य उभे राहिले. एकविसाव्या शतकात उरलेसुरले रहिवासी दृश्याच्या मोलापायी बाहेर लोटले जात आहेत. प्रवाशाने एडिंबरोस जाऊ नये असे यावरून कोणी म्हणणार नाही. त्याने किल्ला पाहावा, तळघरात बसून बिअर घ्यावी, दरीपलीकडे सुखाने झोपावे. परंतु ज्या गोष्टीसाठी बर्न्स आणि फ्रँकलिन तेथे रमले ती गोष्ट कातळात किंवा छपरांत नव्हती. न्यायाधीश, मुद्रक, शिंपी आणि कॅडी यांना एकाच जिन्यावर आणणाऱ्या गचाळ, दाट, बोलक्या वस्तीत ती होती. ती वस्ती गेल्यावर गावाला प्रेक्षक मिळाले. नगर राहते असेल तर ते पाहण्याजोगे आपोआप होते. केवळ पाहण्यासाठी राखलेले नगर मात्र कितीही राखले तरी राहते होत नाही, आणि नगरपालिकेच्या आजच्या पट्टीचे व परवान्यांचे यशापयश शेवटी त्या बोळांतून किती चुली पेटतात यावरच मोजावे लागेल.